नाताळची ड्युटी

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसातली माणसं माफी मागायला लागतात. कॉफीच्या मशीनपाशी, लिफ्टमध्ये, मीटिंग सुरू व्हायच्या आधीच्या दोन रिकाम्या मिनिटांत. "इथं ख्रिसमससारखं वाटतच नाही," असं म्हणून ती खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवतात, अचानक पाहुणे आल्यावर घरातल्या पसाऱ्याकडे दाखवावं तसं. बर्फ नाही, शेकोटी नाही, थंडी म्हणावी तर दुपारी स्वेटर काढून खुर्चीला अडकवावा लागतो. यंदाही सुरू झालंय. काल चेन्नईहून नुकत्याच आलेल्या एका मुलीला कुणीतरी हेच ऐकवत होतं आणि ती बिचारी मान डोलवत होती. मी कप विसळत होते. पार्किंगपलीकडच्या लिंबाच्या झाडाला भरगच्च लिंबं लागली आहेत, आणि माळी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात पानं गोळा करतोय. अमेरिकेतल्या सनीव्हेलमधला हा माझा आठवा डिसेंबर. ते वाक्य आता मला ऐकवत नाही.

कारण ख्रिसमस असाच असतो. निदान माझा तरी असाच होता. नगरला नाताळ म्हणजे पहाटे दात वाजवणारी थंडी आणि अकरानंतर डोकं तापवणारं ऊन. नवीन फ्रॉक टेरिकॉटचा, आतल्या शिवणीपाशी टोचणारा. भक्ती संपून चर्चबाहेर पडेपर्यंत तो पाठीला चिकटलेला असे. बाहेर लाल कपड्यांत नाताळबाबा झालेले शेजारचे काका घामानं निथळत उभे, आणि त्यांची कापसाची दाढी ओघळून गळ्याशी आलेली. घरात करंज्या, शंकरपाळे, चकल्या. दिवाळीला शेजारपाजारहून आलेली ताटं रिकामी परत द्यायची नाहीत म्हणून आईनं महिनाभर फडताळात जपून ठेवलेली असत, ती आता भरून जायची. दुपारी मटणाचा रस्सा, आणि मग गच्चीत वाळत घातलेल्या गोधड्यांवर लोळत संध्याकाळच्या हुरड्याची वाट बघायची. बर्फ हा शब्द आम्हाला फक्त गोळेवाल्यामुळे माहीत होता.

आमचं आजोळ शेवगावकडचं. डिसेंबरात तिथं कापसाची वेचणी चाललेली असे आणि मामा येताना पिशवीभर कापूस घेऊन यायचा. आई सुरूची फांदी कुंडीत रोवायची आणि तिच्यावर तो कापूस पिंजून पसरायची. मला कितीतरी वर्षं वाटायचं, नवं पीक घरात आलं की त्यातलं पहिलं देवाला द्यायचं असतं, म्हणून हा कापूस. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. चुकीचं काही कानावर पडलं की दुरुस्त केल्याशिवाय तिला राहवत नसे. तिनं एकदा मला जवळ बसवून समजावलं की बाळा, तो कापूस नाही, तो बर्फ आहे. मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर अजून पटत नाही.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये मी इथं आले. त्या वर्षी आमच्या मजल्यावर दर शुक्रवारी कुणाचं ना कुणाचं टेबल रिकामं व्हायचं. खोकं हातात घेऊन माणूस लिफ्टपर्यंत जायचा आणि बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसायचे. माझा व्हिसा त्या कंपनीच्या कागदाला टांगलेला. अशा दिवसांत नोव्हेंबरमध्ये आमच्या मॅनेजरनं, ग्रेगनं, टीमला विचारलं की पंचवीस डिसेंबरला ऑन-कॉल, म्हणजे काही बिघडलं तर लगेच हाताशी, कोण राहील? ऑस्ट्रेलियातल्या दुकानांच्या एका साखळीची बिलिंग सिस्टिम आम्ही सांभाळायचो. सिडनीत सव्वीसच्या सकाळी मोठा सेल लागतो, तेव्हा इथं पंचवीसची दुपार असते. कुणीतरी पेजर बाळगायला हवा होता. ग्रेग मूळचा मिनेसोटाचा; दर वर्षी बर्फात आईवडिलांकडे जाणारा. मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेला मंदार म्हणाला, "वी विल कव्हर." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "आपला कुठे सण आहे यार? दिवाळीला सुट्टी मागता येईल मग."

मंदार पुण्याचा, स्वभावानं अगदी भला. पहिल्या महिन्यात मला घर बघायला, गाडी चालवायला शिकायला त्यानंच मदत केली होती. मी गायकवाड, नगरची, कपाळाला बारीकशी टिकली, डब्यात पोळीभाजी. त्याला वाटलं त्यात त्याची चूक काय? चूक माझी. मी फक्त "नो प्रॉब्लेम" म्हणाले. ग्रेगच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मला क्षणभर फार उपयोगी पडल्यासारखं वाटलं. लिफ्टकडे जाणाऱ्या खोक्यांच्या त्या वर्षात उपयोगी असणं ही काही छोटी गोष्ट नव्हती.

पण सगळं भीतीवर ढकलणंही खरं नाही. मला कंटाळा आला होता. कॉलेजपासून मी तीच उत्तरं देत आले होते. गायकवाड आणि ख्रिश्चन? हो. मग तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात? मी नाही, पणजोबा. घरी इंग्लिश बोलता का? नाही, मराठी. पण तू तर टिकली लावतेस. हो, लावते. मग तुमच्यात करंज्या पण करतात? करतात. विचारणारे कुणी वाईट नसत, कुतूहलानंच विचारत. पण दर नव्या ओळखीला स्वतःचा खुलासा जोडायचा म्हणजे माणूस दमून जातो. साता समुद्रापलीकडे येऊन तरी हे सुटेल असं वाटलं होतं. इथल्या मराठी मंडळींच्या पॉटलकला, जिथं प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, मी श्रीखंड घेऊन जायची आणि गप्प बसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणायची. मुठीत खरं तर काही लपवण्यासारखं नव्हतंच.

पुढं मंदारचं लग्न झालं, तो दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला गेला, आणि नाताळची ड्युटी आपोआप माझ्या एकटीच्या नावावर लागली. दोन, तीन, चार वर्षं. ग्रेग आता विचारायचाही नाही. नोव्हेंबर संपताना माझ्या टेबलावर पेजर आणून ठेवायचा, सोबत एक चॉकलेटचा डबा. पंचवीसला मी सकाळी अंघोळ करून, नवा ड्रेस घालून, लॅपटॉप उघडून बसायची. बाल्कनीत ऊन यायचं, अगदी नगरच्या गच्चीवरचं ऊन. त्या उन्हात पेजरकडे बघत मी चहासोबत इंडियन स्टोअरमधली मऊ पडलेली चकली खायची. आईचा फोन आला की सांगायची, "हो, जाऊन आले ना चर्चला." नगरची आणि इथली वेळ वेगळी, त्यामुळे खोटं पचून जायचं.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात आई आली, सहा महिन्यांसाठी. बॅगेत करंजीचा साचा, दोन रेशमी साड्या, आणि नगरच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी लिहून दिलेली एक चिठ्ठी. फ्रीमाँटमध्ये एका चर्चच्या मागचा हॉल घेऊन काही मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा भक्तीला जमतात, त्यांच्या शालिनीमावशींचा फोन नंबर. तो हॉल माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होता आणि चार वर्षांत मी त्याचा शोधही घेतला नव्हता. आईनं आल्याच्या तिसऱ्या दिवशी फोन लावला. आमच्यातल्या रीतीनं "सलाम" म्हणाली, आणि पुढचा तासभर दोघी अशा बोलत होत्या की जणू एकाच आळीत वाढल्या. फोन ठेवून आई म्हणाली, "नाताळाला बोलवलंय. मला गाणं सुरू करून द्यायला सांगितलंय. आपण दोघी म्हणू."

मी हो म्हणाले. मग डिसेंबर लागला आणि पेजर टेबलावर आला. ग्रेग त्या वेळी म्हणाला, "आई आलीय ना तुझी? तिला दाखव इथला ख्रिसमस. अर्थात हा काही खरा ख्रिसमस नव्हे." मी सांगू शकले असते. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण चार वर्षं गप्प बसल्यावर पाचव्या वर्षी बोलायचं म्हणजे आधी त्या चार वर्षांचं स्पष्टीकरण द्यावं लागणार, या विचारानंच मला शीण आला. पेजर मी पर्समध्ये टाकला. दर वर्षी तो वाजतोच असं नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

घरी आईनं तो पाहिला. काय आहे हे विचारलं, मी सांगितलं.

"नाताळाच्या दिवशी काम? तुझ्या साहेबाला ठाऊक नाही का?"

"काय?"

"तू कोण आहेस ते."

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आईनं हातातली करंजी कातून पूर्ण केली, मग दुसरी केली. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला ती रागवायची नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहायची. माझ्याकडे मात्र तिनं बघितलंही नाही.

पंचवीसला हवा अशी उबदार होती की लोक चपला घालून हिंडत होते. दोघी रेशमी साड्यांत, मागच्या सीटवर फराळाचे दोन डबे. हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं असतील. पेटी होती, तबला होता, आणि भिंतीवर कामट्यांची, पतंगाच्या कागदाची चांदणी. त्या खोलीत शिरल्यावर मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. सगळे मराठीत, आपापल्या गावच्या मराठीत बोलत होते आणि कुणालाही कुणाचा खुलासा नको होता. आई पहिल्या रांगेत बसली, शेजारची खुर्ची तिनं माझ्यासाठी आपली पर्स ठेवून धरली. प्रार्थना झाली. पेटीवाल्यानं सूर धरला. आई उभी राहिली, तिनं माझ्याकडे हात केला, आणि माझी पर्स थरथरायला लागली.

गाडी पार्किंगमध्ये भर उन्हात. ऑफिसच्या डेटा कार्डावर लॅपटॉप जोडून मी ड्रायव्हरच्या सीटवर मान खाली घालून बसले, काचा बंद, कारण फोनवर बोलायचं होतं. रेशमाच्या आत घामाची धार लागलेली. सिडनीत दुकानं उघडायला वीस मिनिटं उरली होती आणि सूट दिलेल्या वस्तूंची चाचणीची बिलं पूर्ण किमतीनं निघत होती. पलीकडे मेलिसा नावाची बाई होती, चार वर्षं नाताळाला पेजर वाजला की जिच्याशी बोलत आले ती. एकेक दुरुस्ती जाऊन लागेपर्यंत मध्ये मध्ये वाट बघावी लागायची, तेव्हा ती बोलत राहायची. काल चाळीस डिग्री होतं म्हणाली. मागच्या अंगणात टेबल मांडून थंड कोळंबी खाल्ली, पोरं पाइपनं एकमेकांवर पाणी उडवत होती. "आणि टीव्हीवर सगळीकडे तो मेला बर्फ," म्हणाली.

मी म्हणाले, "आमच्याकडेही ऊनच असायचं. माझा फ्रॉक पाठीला चिकटायचा."

"तुझा? तू ख्रिसमस करायचीस?"

"मी ख्रिश्चन आहे. आज माझा सण आहे. माझी आई आत गाते आहे."

असं पहिल्यांदा बोलले मी, आणि तेही जिला कधी पाहिलं नाही अशा बाईजवळ. बंद काचेतूनही तबला पुसटसा ऐकू येत होता. मेलिसानं अगदी साधेपणानं विचारलं, "मग तू माझ्याशी फोनवर काय करते आहेस गं?"

मी दुरुस्ती लागली का ते बघितलं. लागली नव्हती.

मध्येच, मी मान मागं टेकून वाट बघत असताना, एक वयस्क बाई येऊन गाडीच्या बॉनेटवर झाकलेला ग्लास ठेवून गेल्या, जाताना काचेतून मला स्वस्थ राहा अशी खूण केली. लिंबाचं सरबत होतं, मीठ जरा जास्तच. काम संपायला अडीच तास गेले. मी आत गेले तेव्हा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या आणि आई दाराशी पत्रावळीवर झाकण घालून माझं जेवण धरून बसली होती. "झालं काम?" तिनं विचारलं. झालं म्हणाले. परतीच्या वाटेवर ती बाहेरची झाडं बघत राहिली. मार्चमध्ये ती नगरला परत गेली, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. आता तिचे गुडघे इतका प्रवास करू देत नाहीत.

पुढच्या नोव्हेंबरात ग्रेग पेजर घेऊन आला तेव्हा मी म्हणाले, "या वर्षी नाही जमणार. माझाही ख्रिसमस आहे. दर वर्षीच होता." तो तसाच उभा राहिला. मग खुर्ची ओढून बसला. "पाच वर्षं? अगं, तू एकदा तरी बोलायचंस." कानापर्यंत लाल झाला होता. त्यानं तिथल्या तिथं यादीत माझ्या जागी स्वतःचं नाव घातलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मला त्या अर्ध्या मिनिटाचा भयंकर राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना.

दोन हजार सहाच्या नाताळाला मी एकटीच फ्रीमाँटला गेले. आईची साडी नेसून, साच्यातल्या ओबडधोबड करंज्या घेऊन. दारातच त्या सरबतवाल्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्याच शालिनीमावशी.

"आता बरी आहेस ना गं? वर्षभर तुझं नाव माझ्या प्रार्थनेत आहे."

"माझं?"

"गेल्या वर्षी तू गाडीत पडून होतीस ना. आईनं सांगितलं तुझी, ताप भरलाय, चक्कर येतेय, लाजेनं आत येत नाही. गाणं झाल्यावर आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली तुझ्यासाठी. आई तर तुझी रडत होती बिचारी."

मुलांच्या वहीतली खोटी सहीसुद्धा खपवून न घेणारी माझी आई. नाताळाच्या दिवशी, भर मंडळीत, देवासमोर.

"देवानं बरं केलं की नाही?" मावशी हसून म्हणाल्या. "मग आज उभं राहून साक्ष द्यायची. मी सांगते पेटीवरच्या काकांना."

आमच्यात अशी पद्धत आहे. आजार गेला, संकट टळलं, की भक्तीत उभं राहून चार वाक्यांत सांगायचं आणि आभार मानायचे. माझं नाव पुकारलं गेलं. आईचं खोटं पुढं चालवणं सोपं होतं. एवढा सराव मला नक्कीच होता. मी उठले.

"मी आजारी नव्हते," मी म्हणाले. "ऑफिसचं काम करत होते. मी कोण आहे ते मी तिथं पाच वर्षं सांगितलं नव्हतं, म्हणून मला आजच्या दिवसाचं काम असायचं. आईला तुम्हाला ते सांगायला लाज वाटली. आभार तुमचे मानते, प्रार्थनेबद्दल."

पेटीवरच्या काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बरं. बस, बाळ," आणि गाण्याचा पान नंबर सांगितला. मावशींनी त्यांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. सूर माझा लागलाच नाही, पण मी शेवटपर्यंत म्हटलं.

संध्याकाळी आईला फोन केला. तिकडे सव्वीसची सकाळ, ती चहा घेत होती. सगळं सांगितलं.

"खरं सांगितलंस?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं केलंस. मला नाही जमलं." मग बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. "पण इकडं मंडळीत मी सगळ्यांना सांगितलंय, अमेरिकेत नाताळाला आपण दोघी शेजारी उभ्या राहून गायलो म्हणून. आल्यागेल्याला सांगते. तेवढं राहू दे."

मी राहू दे म्हणाले.